साडेतीन वळणं

ओजूची खुर्ची स्टीलच्या कपाटावर आदळली, ही त्या सकाळची चौथी वेळ. कपाटाला कुणीतरी आधीच जुनी गादी बांधून ठेवली होती, त्यामुळे फारसा आवाज झाला नाही. तिला खुर्ची शिकवणाऱ्या नफीसाताईंनी खुर्ची मागे घेतली, ओजूच्या कपाळावरचे केस सारखे केले आणि म्हणाल्या, "काही नाही गं राणी. कपाटालाच अक्कल नाही, मध्येच येऊन बसतं."

एरवी ओजू या वाक्याला हसते. त्या दिवशी हसली नाही. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसल्यावर मुलं बघतात, तसं.

ओजस्वी माझी मुलगी. तेव्हा चार वर्षं सात महिन्यांची. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला काही मिनिटं प्राणवायू कमी पडला. पाय उभे राहत नाहीत, मान लवकर थकते, शब्द फुटत नाहीत. "हं" म्हणजे हो आणि "अंहं" म्हणजे नाही, एवढ्यावर आमचं सगळं बोलणं चालतं. पण उजवं मनगट तिचं ऐकतं. पूर्ण नाही, बरंचसं. त्या 'बरंचसं'वर सोलापूरच्या एका छोट्या केंद्रातली पाच-सहा माणसं दोन वर्षं राबली, आणि त्यांची आठवण आली की अजूनही माझे हात आपोआप जोडले जातात.

खुर्ची कशी चालते ते आधी सांगते. कोपराखाली एक रुंद पट्टी बांधतात. मेंदूकडून स्नायूंकडे निघालेले निरोप ती कातडीवरूनच वाचते. स्नायू पुरता हलला नाही तरी निरोप तिला पोचतो. मनगट उजवीकडे वळवलं की खुर्ची उजवीकडे वळते, जेवढं मनगट तेवढ्या प्रमाणात खुर्ची. मनगट आणखी वळेनासं झालं की बोटं सैल सोडायची. तेवढा वेळ पट्टी हाताकडे दुर्लक्ष करते. हात मागे आणायचा, पुन्हा वळवायचा. मूठ आवळली की पुढे. ओजू हे सगळं शिकली होती. नुसती शिकली नव्हती, पडद्यावरच्या बदकाच्या खेळात केंद्रातल्या कुठल्याच मुलाला ती हार जात नव्हती. तीच पट्टी बांधून, त्याच हातानं ती बदकाला कमळांच्या मधून अलगद फिरवून तळ्यात नेऊन सोडायची.

आणि खुर्चीत बसली की कपाट.

खुर्च्या सहा होत्या, यादीत मुलं एकेचाळीस. तीन महिने वापरायला देऊन नंतर परीक्षा घ्यायचे. तीन शंकूंना वळसा घालून पिवळ्या चौकोनात येऊन थांबायचं, दोनदा धक्का लागला तर चालेल, तिसऱ्यांदा नाही. जमलं तर खुर्ची कायमची. नाही जमलं तर ती पुढच्या मुलाकडे, आणि आपण पुन्हा यादीच्या शेवटी. म्हणजे दीड-दोन वर्षं. डॉक्टर म्हणाले होते, या वयात मेंदू जे रस्ते पाडतो ते नंतर पाडायला फार कष्ट पडतात. आमची परीक्षा अकरा दिवसांवर होती.

"पण पडद्यावर जमतं ना तिला?" मी विचारलं.

"तेच तर कळेना," नफीसाताई म्हणाल्या. "मी दोन्हीकडे सारखंच ठेवलंय, ओजूच्या आई. खेळात चाळीस, खुर्चीतही चाळीस. हे बघा की."

त्यांनी दोन्ही पडदे माझ्यापुढे धरले. दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं, दोन्हीकडे हाताला यंत्रानं किती दाद द्यायची ते ठरवणारा संवेदनशीलतेचा आकडा, आणि दोन्हीकडे चाळीस.

हे चाळीस मी ओळखत होते.

कॉलेजात असताना तीन वर्षं मी बंदुकीचे खेळ खेळले. घरी माहीत नव्हतं. लग्नाआधी हृषीला सांगितलं तर तो म्हणाला, "तू? तू झुरळाला घाबरतेस." आमच्या संघाचं नाव 'कडक भाकरी'. पाच जण, मुलगी मी एकटी. तेव्हा टेबलावर माऊस असायचा. आताच्या मुलांना तो दाखवला तर साबणाची वडी समजतील.

दुसऱ्या वर्षी स्पर्धेसाठी आम्ही नवा खेळ घेतला. जुन्या खेळात माझी सेन्सिटिव्हिटी अडीच होती, म्हणून नव्यातही मी इमानदारीनं अडीच टाकली. आणि समोर उभा असलेला गडी मला मारता येईना. वळायला जायची ती त्याला ओलांडून थेट भिंतीकडे. सिद्धाराम बिराजदार आमचा कप्तान. त्यानं माझ्या सॅकमधली फूटपट्टी काढून पॅडवर ठेवली. "जुना खेळ लाव. एका जागी उभी राहा आणि स्वतःभोवती एक पूर्ण फेरा मार. माऊस किती सरकला?" चोवीस सेंटिमीटर. "आता नवा लाव." साडेसात.

सेटिंगमधला आकडा त्या खेळापुरताच खरा असतो. एकाच्या घरचा शेर, दुसऱ्याच्या घरची पायली. दोन्हीवर 'दोन' लिहिलं म्हणून धान्य सारखं भरत नाही. हाताला आकडा कळत नाही, अंतर कळतं. एका फेऱ्याला हात किती चालतो, ते दोन्हीकडे जुळवायचं, मग आकडा काय येईल तो येवो.

मी नफीसाताईंना म्हटलं, "आपण उद्या ओजूचा हात एका फेऱ्याला किती चालतो ते मोजू या का?"

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मोजलं. पडद्यावर बदकाचा एक पूर्ण फेरा व्हायला तिला मनगटाची साडेतीन वळणं लागली. खुर्चीत दोन. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. नफीसाताई खुर्चीशेजारी खाली बसल्या.

"म्हणजे खुर्ची तिच्या अंदाजाच्या पावणेदोनपट फिरत होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि मी महिनाभर तिला सांगतेय, बाळा, नीट लक्ष दे."

"तुम्हाला काय माहीत असणार, ताई."

"माहीत असायला हवं होतं." त्यांनी लगेच फोनवर हिशेब केला. चाळीस गुणिले दोन, भागिले साडेतीन. तेवीस. खुर्चीवर तेवीस टाकलं, खुर्चीनं ओजूच्या हाताबद्दल आजवर शिकून साठवलेलं सगळं पुसून ती कोरी केली.

त्या दिवशी ओजू पहिल्या शंकूला वळसा घालून आली. कपाटाजवळून गेली, कपाटाला न लागता. मी हृषीला व्हिडिओ पाठवला, आईला पाठवला, आणि घरी जाताना रिक्षात उगाच रडले.

बुधवारी सकाळी पुन्हा गादीवर आदळली. दोनदा.

काळजी करणाऱ्या बाईची एक सवय असते: ती लिहून ठेवते. ओजूच्या जन्मापासून माझ्या वह्या आहेत. किती दूध, किती झोप, कुठल्या बाजूला मान. महिनाभराच्या खुर्चीच्या नोंदी काढून बसले आणि एक विचित्र गोष्ट दिसली. ज्या दिवशी ती कमी वळायची, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हटकून जास्त. जास्त वळली की दुसऱ्या दिवशी कमी. झोपाळा जसा. पण का, ते मला सुधरेना. शेवटी गुरुवारी मी आठ वर्षांनी सिद्धारामला फोन केला.

"कामावर आहे, इथंच ये की," तो म्हणाला. "येताना भूक घेऊन ये. आईनं शेंगापोळी दिलीय."

तो आता क्रेन चालवतो. बंदरावर नाही, इथंच होटगी रस्त्यावरच्या एका थंडगार हॉलमध्ये पडद्यापुढे बसून, लांबून. सकाळी एका समुद्रावरची क्रेन, दुपारी दुसऱ्यावरची. अशा चालकांची एक रीत आहे, ती मी त्या दिवशी पाहिली. नवी क्रेन हातात आली की माल उचलण्याआधी तिला रिकामी एक पूर्ण फेरी देतात, हात किती चालला ते बघतात, स्वतःच्या मापाशी जुळवतात, आणि मगच पहिली पेटी. सिद्धारामचं माप एकवीस सेंटिमीटर. कॉलेजपासून तेच.

"बदललंच नाहीस कधी?"

"बायको बदलत नाही माणूस, हे तर त्याच्याहून जुनं," तो म्हणाला. "दाखव वही."

त्यानं वही वाचली. शेंगापोळी खाता खाता दोन पानं मागे गेला, परत पुढे आला.

"खुर्ची रात्री काय करते?"

"शिकते," मी म्हणाले. "दिवसभरात मूल कुठं चुकलं ते बघते आणि रात्री स्वतःला त्याप्रमाणे बदलून ठेवते. तेच तर तिचं मोठेपण आहे."

"आणि पोरगी?"

"ती पण शिकते."

"मग झालं की." त्यानं बोटं पुसली. "बोळात दोन माणसं समोरासमोर येतात बघ. हा डावीकडं सरकतो, तोही त्याच बाजूला. हा उजवीकडं, तोही तिकडंच. दोघंही सज्जन, दोघांनाही वाट द्यायचीय, म्हणून कुणालाच वाट मिळंना. तुझी पोरगी काल कमी वळली. रात्री खुर्चीनं ठरवलं, आपण जरा जास्त फिरू. इकडं पोरीनं पण ठरवलं, आपण मनगट जरा जास्त फिरवू. सकाळी दोघांचं जास्त एकत्र आलं, आणि कपाट. तो बदकाचा खेळ शिकतो का रात्री?"

"नाही. तो जुना आहे."

"म्हणूनच तो तिला शिकता आला. संघात शिरसाट होता, आठवतो? रोज सेन्सिटिव्हिटी बदलायचा. कधी हात बसला त्याचा?" तो हसला. "पोरीची किती वळणं म्हणालीस?"

"साडेतीन."

"मग मुहूर्तच की. हलवू नकोस."

जायला निघाले तेव्हा तो जरा चाचरत म्हणाला, "ऋजे, एक सांगू? फूटपट्टी मी त्या दिवशी चिडून काढली होती. शिकवायला नाही."

"मला माहितेय," मी म्हणाले. "तरी थँक यू."

शुक्रवारी सकाळी हृषीचा डबा भरता भरता मी सगळं सांगितलं. खुर्ची पुन्हा कोरी करून तेवीसवर ठेवायची आणि रात्रीचं शिकणं बंद करायचं. त्यासाठी आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. आणि एक अडचण: ओजूचा हात थरथरतो, ती थरथर गाळायचं कामही शिकण्याच्या त्याच कळीला जोडलेलं आहे. कळ बंद केली की थरथर सरळ चाकांत उतरणार. सुरुवातीला ती आणखी वाईट चालवेल. हाताशी कामाचे दिवस फक्त सहा.

हृषीनं चहाचा कप खाली ठेवला. "जगभरातली हजारो मुलं ते वापरतात. बनवणारे काय वेडे आहेत?"

"वेडे नाहीत. ज्या मुलांचं मनगट पण ऐकत नाही, त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. ओजूचं ऐकतं."

"आणि हे तुला कुणी सांगितलं? एका क्रेनवाल्यानं. बंदुकीच्या खेळावरून."

"वहीनं पण सांगितलं."

"आणि परीक्षेत नापास झाली तर?"

मी डब्याचं झाकण लावलं. तो उठला, हॉलमध्ये ओजूजवळ जाऊन उभा राहिला, तिच्या मनगटाला हात लावला. परत आला आणि फॉर्म मागितला.

"मी तुझ्यावर सही करतोय," तो म्हणाला. "त्या कडक भाकरीवर नाही."

केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरांना पटलं नाही. नियमात बसत होतं, पण परीक्षेच्या तोंडावर कुणी असं केलेलं नव्हतं. "उद्या मुलीची संधी गेली तर उत्तर कोण देणार?" त्यांनी विचारलं. ते रागावले नव्हते, त्यांनाही एकेचाळीस मुलांची यादी रोज दिसत होती.

नफीसाताईंनी माझ्या हातातला पेन घेतला आणि आमच्या सह्यांखाली, जिथं तिसऱ्या सहीची जागाच नव्हती तिथं, आपलं पूर्ण नाव लिहिलं. नफीसा इस्माईल मुजावर. "मी देईन, सर," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या नोकरीला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मला वाटतं, त्या सहीचे आभार मानायला माझ्याकडे अजून शब्द आलेले नाहीत, म्हणून मी दर ईदेला त्यांच्या घरी जाते आणि त्या वाढतील तेवढा शिरखुर्मा निमूट खाते.

पहिले दोन दिवस वाईट गेले. खुर्ची डुगडुगायची, ओजू दचकायची, हात सोडून द्यायची. शनिवारी ती रडली आणि तिचं बघून मी. नफीसाताईंनी मला बाहेर घालवलं. रविवारी केंद्र बंद. त्या दिवशी दुपारी सिद्धाराम ओजूला बघायला आला, पेरू घेऊन.

मी तिला भरवत होते. तिच्या पुढ्यात ताटली, ताटलीत मऊ भाताचे छोटे गोळे. तिनं हातानं उचलायचा प्रयत्न करायचा, असं शिकवलेलं. तिचा हात निघाला, भरकटला, आणि मी ताटली हाताखाली सरकवली. पुन्हा निघाला, डावीकडे गेला, मी ताटली डावीकडे.

सिद्धाराम बघत होता. "यंत्राचं बंद केलंस," तो पेरू कापत म्हणाला. "तुझं कधी करणार?"

हृषी आतल्या खोलीतून हसला. मला राग आला, खूप आला. पण पुढच्या घासाला मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. ओजूचा हात ताटलीच्या कडेला लागला, परत फिरला, अडखळला. भात सांडला. चौथ्या वेळी दोन शितं तिच्या बोटांना चिकटली आणि तोंडापर्यंत पोचली. तिनं माझ्याकडे पाहिलं. शाबास म्हणायला गेले असते तर हात बाहेर आले असते.

सोमवारी ती डुगडुगत दुसऱ्या शंकूपर्यंत गेली. मंगळवारी सकाळी खुर्ची काल होती तशीच होती, आणि हे तिला कळलं. तिचा चेहरा मी पाहिला. आपण ठेवली तिथंच वस्तू सापडल्यावर माणसाचा होतो तसा झाला. बुधवारी तिनं थरथर कशी हाताळायची ते स्वतःच शोधून काढलं: मोठं वळण घेण्याऐवजी अर्धं, बोटं सैल, पुन्हा अर्धं. आम्ही कुणी शिकवलं नव्हतं. कुठलं यंत्र शिकवू शकलं असतं, मला माहीत नाही. गुरुवारी तिन्ही शंकू झाले, चार धक्क्यांत.

चार. चालायचे होते दोन.

परीक्षेच्या दिवशी हृषीनं रजा टाकली. मोठे डॉक्टर, बाहेरून आलेल्या एक परीक्षक बाई, नफीसाताई. मला पिवळ्या चौकोनाच्या पलीकडे खुर्ची देऊन बसवलं, कारण मुलांना कुणाकडे तरी यायचं असतं.

पहिला शंकू मोकळा गेला. दुसऱ्याला चाक घासलं, शंकू डोलला, पडला नाही. परीक्षक बाईंनी एक रेघ मारली. तिसऱ्याला ती इतक्या जवळून वळली की मी डोळे मिटले. आवाज आला, दुसरी रेघ. आता फक्त चौकोन. मध्ये भिंतीजवळ तेच स्टीलचं कपाट. त्या दिवशी त्याची गादी काढून ठेवलेली होती.

ओजू थांबली. बोटं सैल केली. अर्धं वळण. सैल. अर्धं. खुर्चीचं तोंड कपाटावरून सरकत सरकत माझ्याकडे आलं, थोडं पुढे गेलं, परत आलं. मग तिनं मूठ आवळली. चाकं थरथरत होती, सगळी खुर्ची थरथरत होती, पण नाकासमोर येत होती. पुढची चाकं पिवळ्या रेघेच्या आत आली, मागची आली. बोटं सुटली.

परीक्षक बाईंनी कागद खाली ठेवला. "खुर्ची तिची," त्या म्हणाल्या.

हृषी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नफीसाताई खाली वाकून ओजूच्या पट्टीचा बंद तपासत होत्या. तो चांगला घट्ट होता, तरी तपासत होत्या. मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, "मुजावर, सोमवारी मला हे मोजायचं कसं ते दाखवा. बाकीच्या पाचांचं पण बघू." त्या पाचातल्या दोघांना पुढे त्याचा उपयोग झाला, तिघांना शिकणारी खुर्चीच बरी पडली. ती गोष्ट त्यांच्या आयांनी सांगावी.

मला तेव्हा फक्त घरी जायचं होतं. तिला कुशीत घ्यायचं, मऊ भात, झोप. मी ओजूसमोर वाकले. "चल बाळा. झालं. घरी जाऊ."

"अंहं," ओजू म्हणाली.

"दमलीस ना? चल."

तिनं बोटं सैल केली. मनगट वळवलं. सैल. पुन्हा वळवलं. खुर्ची हळूहळू फिरली, आणि माझ्यासमोर तिची पाठ आली.

मला आधी वाटलं, चुकून झालं. मी वळसा घालून तिच्यासमोर गेले. "ओजू?"

तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि पुन्हा फिरली. पुन्हा पाठ.

मागून हृषी म्हणाला, "अगं, ती रुसलीय."

माझी मुलगी माझ्यावर रुसली होती. साडेचार वर्षं आम्ही तिला जिकडे फिरवू तिकडे ती बघायची. कुणाकडे बघायचं नाही, हे ठरवणं तिला कधी मिळालंच नव्हतं. आता तिची छोटी मान खुर्चीच्या पाठीवर टेकलेली होती, वेणीची रिबन सुटली होती, आणि ती सगळ्या ताकदीनं समोरच्या भिंतीकडे बघत होती.

मी पुन्हा वळसा घातला नाही. तिच्या पाठीमागे फरशीवर मांडी घालून बसले, आणि ती केव्हा वळते याची वाट बघत राहिले.